सातवं आणि आठवं प्रकरण

१

ज्योतीराम पोस्टमननं चिंचवडात बावीस वर्षं पत्रं वाटली होती. पण पत्रात आनंदाची बातमी असताना ते हातात धरून बाई रडायला लागली, असं त्या शनिवारी त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

सन अठ्ठावन्नचा जानेवारी होता. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पाकीट पुण्याच्या प्रकाशकाचं होतं. कौशल्याबाईंनी दारातच ते फोडलं, वाचलं आणि उंबऱ्यावर बसकण मारली.

"काय लिहिलंय बाई? नाही म्हणतायत का?"

"छापतो म्हणतायत. पूर्ण हस्तलिखित पंचवीस तारखेच्या आत पाठवा म्हणतायत." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पाठवू काय, ज्योतीरामभाऊ? माझं सातवं आणि आठवं प्रकरण चोरीला गेलं. आत्ता तासाभरापूर्वी कळलं."

कौशल्याबाई मूळच्या कराडकडच्या. नवरा सयाजी पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत फिटर. चार वर्षांपूर्वी दोघं इथं आली आणि मारुतरावांच्या आळीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. बाई सातवीची फायनल पास झालेल्या, वाचनाचं वेड. हळूहळू लिहू लागल्या. लिहायला विषय म्हणून त्यांनी राजा-राणी घेतली नाहीत, की पुण्या-मुंबईची श्रीमंत घरं घेतली नाहीत. त्यांनी दारासमोरचं गाव घेतलं. कारखान्यांना जाणाऱ्या जमिनी, भोंग्याबरोबर उठायला शिकलेले शेतकरी, पवनेच्या दोन्ही काठांवरची माणसं. नावं तेवढी बदलली. पण नाव बदललं म्हणून माणूस थोडाच लपतो! अख्ख्या गावाला ठाऊक होतं, की बाई आपल्यावर लिहितायत.

आतून सयाजी आला. रात्रीची शिफ्ट करून नुकताच झोपला होता, डोळे लाल होते.

"आठव्यात काय हाय ते सांग की भाऊंना," तो म्हणाला.

आठव्या प्रकरणात एक जमीनदार होता. भावकीला अंधारात ठेवून त्यानं सामाईक जमीन कारखान्याला विकली होती. तो जमीनदार कोण, हे चिंचवडात कुणाला विचारावं लागलं नसतं. ज्या छपराखाली हे तिघं उभे होते, त्याचाच तो मालक होता.

"मारुतरावांचंच काम," सयाजी हलक्या आवाजात म्हणाला. "आन आपन तोंड उघडलं, तर उद्या भांडीकुंडी रस्त्यावर."

२

ज्योतीरामला कोडं दिसलं की पाय निघत नसे. पत्ता अर्धवट लिहिलेलं पत्र तो कधी परत पाठवत नसे. विचारत विचारत माणूस गाठायचाच. त्यानं सायकल भिंतीला टेकवली.

"गठ्ठा बघू."

जाड फुलस्केप कागदांचा तो गठ्ठा एका धुतलेल्या फडक्यात बांधलेला होता. संक्रांतीच्या सकाळी कौशल्याबाईंनी तो बांधून आतल्या खोलीत ट्रंकेवर ठेवला, आणि प्रकाशकाचं उत्तर येण्याआधी आज एकदा नजर फिरवावी म्हणून सोडला. मधल्या दिवसांत त्याला हात लावला नव्हता.

"संक्रांतीला घरात कोण कोण आलं?"

"कोण नाही आलं ते विचारा. तिळगूळ घ्यायला अर्धं गाव येऊन गेलं. मारुतराव आले, आबाजी मास्तर आले, आळीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला. दूधवाल्या छबूबाई तर दिवसभर होत्या. आतल्या खोलीत लाडू वळायला मीच थांबवून घेतलं त्यांना."

ज्योतीराम पानं उलटू लागला. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं एक लहानसं चित्र होतं. पहिल्यावर आड. दुसऱ्यावर बैलाच्या गळ्यातली घंटा. तिसऱ्यावर कारखान्याचं धुराडं.

"हे काय?"

"काही नाही हो." बाई जराशा लाजल्या. "सुरुवात सुचली नाही, की हात आपला काहीबाही काढत बसतो."

सहाव्यावर जातं होतं. मग पानांचे आकडे एकशेदहावरून एकदम एकशेअडतिसावर गेले आणि नववं प्रकरण सुरू झालं. त्यावर कंदील.

एक गोष्ट मात्र ज्योतीरामला खटकली. सहाव्या आणि नवव्या प्रकरणातली काही पानं उलटी लागली होती, मजकूर डोक्यावर.

"चोरानं घाईत कोंबली असतील," सयाजी म्हणाला.

ज्योतीरामनं गठ्ठा हातात धरून बाजूनं पाहिला. चारी कडा अशा जुळवलेल्या होत्या, की एकही कागद सुताएवढा बाहेर नव्हता. फडक्याची गाठ नीट मारलेली होती. घाईतला माणूस कडा जुळवत बसत नाही. आणि कडा जुळवणारा माणूस अक्षरं उलटी ठेवत नाही.

"मग हे काम कुणाचं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

ज्योतीरामनं गठ्ठा पुन्हा फडक्यात बांधून दिला. "आधी मारुतरावांना भेटतो," तो म्हणाला, आणि सयाजीचा चेहरा उतरला.

३

मारुतराव मळ्यात हुरडा खात बसले होते. पोस्टमन दिसताच त्यांनी आगटीतलं कणीस काढून तळहातावर चोळलं आणि ऊन ऊन दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"बस. खा. काय टपाल?"

"टपाल नाही. एक विचारायचं होतं. कौशल्याबाईंच्या कादंबरीत तुम्ही आहात म्हणे."

मारुतरावांच्या भुवया आक्रसल्या. मिशीवरून एकदा हात फिरला. आता भडका उडतो, असं ज्योतीरामला वाटलं.

"हाय तर," मारुतराव म्हणाले. "आठव्यात हाय. आबाजी मास्तराकडं बाड व्हतं तवा मी त्याच्याकडनं वाचून घेतलं. सबंध. दोनदा."

"मग राग आला असेल."

"येनार न्हाई? अरं, माझी घोडी कुठाय त्यात? पांढरी घोडी! त्या घोडीवर बसून मी सायबाला जमीन दाखवायला गेलो, समद्या पंचक्रोशीनं बगितलं. आन बाई लिवत्यात, जमीनदार चालत आला. चालत!"

"भावकीला फसवलं असंही लिहिलंय म्हणतात."

मारुतरावांनी काडीनं आगटीतली राख उकरली. मग म्हणाले, "ते खोटं हाय असं मी कवा म्हनलो? भावकी माज्याशी बोलत न्हाई आता. दसऱ्याला सोनं द्यायला कुनी येत न्हाई. ते बी तिनं बराबर लिवलंय, जमीनदार एकटाच आपट्याची पानं घेऊन ओसरीवर बसतो म्हून. ऐकलं तवा वाटलं, कुनाला तरी दिसलं."

ज्योतीरामनं मग चोरीचं सांगितलं. मारुतराव चोळता चोळता थांबले.

"आठवं गेलं? आन माझ्यावर वहीम? व्हय, वहीम माझ्यावरच येनार म्हना." त्यांना राग आल्यासारखं दिसेना, उलट थोडा मान मिळाल्यासारखे बसले. पण लगेच त्यांनी मान वर केली. "पन ज्योतीराम, सातवं कशाला न्हेलं? सातव्यात मी कुठं हाय?"

ज्योतीरामनं तोंडाकडं नेलेला हुरडा तसाच खाली घेतला. खरंच की. ज्याला आठवं नाहीसं करायचं होतं, त्यानं सातवं कशाला नेलं?

४

आबाजी मास्तरांची शनिवारची शाळा सकाळीच सुटली होती. ते व्हरांड्यात बसून स्वतःच्या कादंबरीची पानं तपासत होते. त्यांच्या तीन कादंबऱ्या छापून आल्या होत्या. तिन्हींत तलवारी, भुयारं आणि राजकन्या. कौशल्याबाईंनी मार्गशीर्षात आठ दिवस हस्तलिखित त्यांच्याकडं वाचायला दिलं होतं.

"चोरी झाली? वाईट झालं," मास्तर म्हणाले. "पण मी बाईंना तेव्हाच बजावलं होतं. लेखकानं पात्रं निवडताना अंतर राखावं. तीनशे वर्षांपूर्वीचा सरदार घ्यावा. तो काही दारात येऊन भांडत नाही. शेजारचा माणूस उचलून पुस्तकात बसवला, की तो उद्या दूध घालायला येतो आणि तोंड दाखवायची पंचाईत."

"मास्तर, राग मानू नका. तुम्हीही त्या दिवशी तिथं होता."

मास्तर हसले. "म्हणजे हेव्यानं चोरलं म्हणतोस? अरे, आठ दिवस ते बाड माझ्या उशाशी होतं. नाहीसंच करायचं असतं तर तेव्हाच चूल नव्हती का?" मग आवाज खाली आला. "हेवा वाटला, हे मात्र खरं. तिचं सातवं प्रकरण वाचून मी माझं लिहिलेलं दोन दिवस उघडलं नाही."

"काय आहे सातव्यात?"

"थेरगावच्या उताराचा नावाडी. केरबा नाव दिलंय, पण आपला हिंदुराव तो. पुरात सुईण आणायला म्हणून नाव घातली आणि परत घरी आला नाही तो. फार जिवंत उतरलाय. आणि शेवटी पिऊन बुडतो."

ज्योतीरामला नऊ वर्षांपूर्वीचा तो पूर आठवला. हिंदुरावानं चिंचवडच्या काठावरून सुईणीला नावेत घेतलं, थेरगावला सुखरूप उतरवलं, आणि नाव बांधता बांधता दोर सुटला. लोक म्हणायचे, झिंगला होता.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की. पारावर बसून चांगलं रंगवून सांगितलं. दहावीस माणसं होती." मास्तरांनी चष्मा काढला. "चुकलं का माझं?"

ज्योतीराम उठला. दोन्ही संशयित मोकळे झाले होते, आणि चोर मात्र अजून कुठंच नव्हता.

५

रविवार त्यानं तसाच काढला. सोमवारी सकाळी पवना ओलांडून तो थेरगावात गेला. नदीला पाणी गुडघ्याएवढं, सायकल खांद्यावर.

तिथं आक्काबाई त्याची वाटच बघत होती. तिचा मुलगा पलटणीत होता. थेरगावातली निम्मी पत्रं ज्योतीरामलाच वाचून दाखवावी लागत आणि उत्तरंही तोच लिही. आक्काबाईनं पत्र हातात घेतलं, फोडलं, मांडीवर ठेवून घडी नीट सारखी केली, कडेला कड लावली, पदरानं पुसलं आणि मोठ्या अदबीनं त्याच्यापुढं धरलं.

पत्र उलटं होतं.

ज्योतीराम ते घ्यायचंच विसरला.

"वाच की बाबा. काय वाईट हाय का?"

"नाही, नाही. खुशाल आहे तुमचा मुलगा," तो भानावर येऊन म्हणाला आणि पत्र वाचू लागला. पण डोळ्यांसमोर दुसराच गठ्ठा होता. कडा जुळवणारा आणि अक्षरं उलटी ठेवणारा माणूस त्याला रोज भेटत होता. बावीस वर्षं भेटत होता. नेमकी दोनच प्रकरणं गेली म्हणून चोराला वाचता येतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यानंसुद्धा.

आणि आता त्याला आठवलं, की उलट्या पानांत चित्राचं एकही पान नव्हतं. चित्रं सगळी सुलटी होती.

उरलेलं टपाल तसंच पिशवीत ठेवून तो नदी ओलांडून परत आला आणि थेट कौशल्याबाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, सातव्यावर चित्र कशाचं होतं?"

"नावेचं."

"आणि आठव्यावर?"

बाई आठवू लागल्या. "आठव्यावर नव्हतंच. ते एका बैठकीत लिहिलं. हात थांबला असता तर चित्र आलं असतं."

"बघा म्हणजे. चोराला एकच प्रकरण हवं होतं. नावेचं. ते कुठं सुरू होतं ते चित्रावरून कळलं. संपतं कुठं? तर पुढचं चित्र येईल तिथं. पुढचं चित्र एकदम नवव्यावर. म्हणून बिचारं आठवं फुकट गेलं." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "ज्याला अक्षर येत नाही, पण नावेशी नातं आहे, आणि जो त्या दिवशी आतल्या खोलीत एकटा बसू शकत होता, असा माणूस तुमच्या घरात एकच आला होता."

कौशल्याबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"त्यांनीच मला सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या. "मी चित्र काढत होते. वल्हं आखूड झालंय म्हणाल्या. मी पुसून लांब केलं."

६

हिंदुरावाची विधवा छबूबाई थेरगावात आपल्या गोठ्यात शेण भरत होती. दोघांना बरोबर येताना बघून तिनं हात धुतले, घरात गेली, आणि उतरंडीच्या मागून एक गाठोडं काढून आणलं. जुन्या पटक्यात गुंडाळलेली पानं. एकालाही सुरकुती नव्हती.

"चुलीत घालनार व्हते," ती म्हणाली. "घालवंना. त्याच्यावर लिवलेलं ना, म्हून."

"छबूआक्का, पाच-सहा दिवस झाले. मला हाक मारायची," ज्योतीराम म्हणाला.

"कशी मारू? माझं वाचनारा तूच एकटा. आन चोर शोधीत फिरनारा बी तूच."

त्या अवस्थेतही तिघांनाही हसू आलं. मग छबूबाई कौशल्याबाईंकडं वळली आणि तिचा आवाज घट्ट झाला.

"मास्तर सांगत व्हता, माझा मानूस पिऊन बुडतो पुस्तकात. बाई, लोकं बोलत्यात ते बोलून जात्यात. मेली की त्यांच्यासंगं जाईल ते. छापल्यालं कुठं जातंय?"

कौशल्याबाई ओट्यावर बसल्या. "आधी ऐका तरी," म्हणाल्या. "मग चुलीत घालायचं तर मीच घालीन."

त्या वाचू लागल्या. केरबा नावाडी उतारू मोजताना बायकोला मोजायचं विसरतो, तिथं छबूबाई पदर तोंडाला लावून हसली. केरबा काठावरच्या म्हशीशी भांडतो, तिथं ती म्हणाली, "व्हय, अस्साच." मग पूर आला. पलीकडून सुईण आणायची होती. केरबानं खोपटात जाऊन बाटली तोंडाला लावली...

"थांबा. त्यो प्यायला नव्हता."

"लोकांनी त्याला झोकांड्या खाताना पाहिलं, छबूबाई. ओकताना पाहिलं."

"बगितलं की. लांबनं." छबूबाई नदीकडं बघत होती. "प्यायचा न्हाई असं मी म्हनत न्हाई. सनासुदीला प्यायचा. पन त्या दिशी थेंब न्हवता. भ्याला व्हता. पान्याला भ्यायचा त्यो."

"नावाडी?" ज्योतीरामच्या तोंडून निघून गेलं.

"त्याचा बा पान्यातच गेल्याला. त्याच्या डोळ्यांदेखत. पूर चढला की ह्याला उलट्या व्हायच्या, पाय लटपटायचे. त्या दिशी काठावर गुडघं टेकून वकला. उठला, तोंड धुतलं. मला म्हनला, आलोच. आन नाव सोडली."

खाली उताराच्या पाण्यातून कुणीतरी बैलं घालत होतं.

"मग नऊ वर्षं तुम्ही हे सांगितलं का नाही कुणाला?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नावाडी पान्याला भ्यायचा, असं सांगू? त्याला लाज व्हती त्याची. पिऊन गेला म्हनू देत लोकांना, त्याला चाललं असतं."

कौशल्याबाईंनी मांडीवरची पानं खाली ठेवली. ज्योतीरामला वाटलं, की पुन्हा रडतात की काय. पण त्या स्वतःवरच चिडल्या होत्या.

"मी तुम्हाला वल्हं केवढं होतं ते विचारलं," त्या म्हणाल्या. "माणूस कसा होता ते विचारलंच नाही. एवढ्या पाण्यात शहाणा माणूस कसा जाईल, म्हणून मी त्याला दारू पाजली. मला सोपं पडलं ते." थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "छबूबाई, तुम्ही आत्ता सांगितलंत ते लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर नावाडी पुस्तकातच राहणार नाही. दुसरा विषय घेईन. खरंच घेईन."

छबूबाई उठली, गाईपुढं वैरण सारली, परत येऊन बसली.

"भ्याला व्हता, पन गेला, असं लिवाल?"

"तसंच लिहीन."

"मग लिवा. नाव तेवढं बदलल्यालंच ऱ्हाऊ द्या."

७

नवं सातवं प्रकरण चार दिवसांत झालं. चोवीस तारखेला ज्योतीरामनं गठ्ठा स्वतः लाख लावून रजिस्टर केला. पानं ट्रंकेमागं पडली होती, एवढंच गावाला कळलं. सयाजीनं ते कंपनीत पाचपन्नास जणांना सांगितलं आणि घर सुटायची धास्ती संपल्यावर बायकोच्या पुस्तकाबद्दल छाती फुगवून बोलायला लागला. आठव्या प्रकरणात कौशल्याबाईंनी एक पांढरी घोडी घातली. मारुतराव स्वतः येऊन ते वाक्य तीनदा ऐकून गेले. आबाजी मास्तरांनी मात्र नवं लिहायला घेतलं, त्यात म्हणे भुयार नव्हतं. एका शाळामास्तराची गोष्ट होती.

दसऱ्याच्या आधी पुस्तकांचं पार्सल आलं. पहिली प्रत कौशल्याबाईंनी ज्योतीरामच्या पिशवीत टाकली आणि कुणाला द्यायची ते सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

थेरगावात छबूबाईनं ओटा सारवून ठेवला होता. आक्काबाई आणि शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या. ज्योतीरामनं सायकल लावली, पाणी प्याला आणि सातवं प्रकरण काढलं.

त्यानं आयुष्यात पुष्कळ पत्रं वाचून दाखवली होती, पण इतकं सावकाश कधी वाचलं नव्हतं. केरबा काठावर गुडघे टेकून बसला, तेव्हा आक्काबाईनं "अगं बया" म्हणून छबूबाईचा हात धरला. केरबा उठला. तोंड धुतलं. बायकोला म्हणाला, आलोच. नाव पाण्यात गेली, वल्हं पडलं, आणि पलीकडच्या काठावर सुईण पदर खोचून उभी दिसली.

"थांब," छबूबाई म्हणाली.

ज्योतीरामनं वर पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, पण चेहरा निवांत होता, उन्हाला बसल्यासारखा.

"पुढचं मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "आज एवढंच असू दे. त्याला जरा नावेत बसू दे."

ज्योतीरामनं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं, आणि आक्काबाई सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली.